आप्पांच्या ४०७ चा गिअरबॉक्स: बदलायचा की उघडायचा?

होळीच्या आधीचा रविवार

ब्रेक झाले, वायरिंग झालं, हौद्याच्या फळ्या बदलून झाल्या. गिअरबॉक्सचं काम मी तीन महिने टाळत होतो, पण आज पालहून रावेरकडे उतरताना त्यानेच विषय काढला. गाडी तिसऱ्यात होती. उतार लागला म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि दांडा खाडकन न्यूट्रलला आला. वाटलं, आपणच नीट टाकला नसेल. पुन्हा टाकला आणि हाताने दाबून धरला, तर तळहाताला आधी बारीक थरथर लागली, मग दांड्याने हात झटकून दिला. हौदा रिकामा होता म्हणून निभावलं. आप्पांच्या काळासारखी केळी भरलेली असती, तर सगळा भार एकट्या ब्रेकवर आला असता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. गाडी टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक, १९९३ ची, एमएच-१९ पासिंग, २९५६ सीसीचं साधं बिनटर्बो इंजिन. आप्पांनी तिच्यावर आयुष्यभर सावद्याच्या आसपासची केळी वाहिली. चार वर्षांपूर्वी त्यांनी स्टिअरिंग सोडलं, तेव्हापासून ती खळ्यात निंबाखाली उभी होती. धंद्याला लावायची नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताई माहेरी येते, तेव्हा आप्पांना शेजारी बसवून शेतापर्यंत चक्कर मारायची, एवढाच बेत आहे.

घरी येऊन गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली आणि कान लावला. न्यूट्रलमध्ये क्लचवरून पाय काढला की घरघर, क्लच दाबला की बंद. म्हणजे क्लच दाबल्यावर काम करणाऱ्या रिलीज बेअरिंगवर आळ घ्यायचं कारण नाही; ते खराब असतं तर उलट झालं असतं, दाबल्यावर आवाज आला असता. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना बॉक्समध्ये इनपुट शाफ्ट आणि त्याच्याशी कायम गुंतलेला काउंटर शाफ्ट फिरत असतो, तेव्हा संशय त्यांच्या बेअरिंगवर. शिवाय तिसरा टाकताना डबल क्लच मारला नाही, म्हणजे मध्ये न्यूट्रलला आणून क्लच दोनदा दाबला नाही, तर करकर, आणि उतारावर तो उडतो. हे तीन रोग वेगवेगळे की एकाच दुखण्याची तीन लक्षणं, एवढं आज कळलं नाही.

मेव्हण्याने फोनवरच निकाल दिला: "हायवेवरच्या भंगारवाल्याकडे बॉक्स पडलाय, अठरा हजार. संध्याकाळपर्यंत बसवून मोकळे व्हा, दाजी."

मोह झाला, खोटं कशाला सांगू.

धुळवडीनंतरचा शनिवार

अमळनेरकडचे नाना मिस्त्री आले. वय सत्तरीला टेकलेलं, पण अजून गाडीखाली आडवे होतात. त्यांनी ना गाडी चालवून पाहिली, ना स्पॅनर काढला. आवाज ऐकला, दांडा प्रत्येक घरात हलवून पाहिला आणि म्हणाले, "हाऊ मरेल नई शे भो, आजारी शे. आधी त्यानं रगत तपास." म्हणजे हा मेलेला नाही, नुसता आजारी आहे.

रगत म्हणजे तेल. गाडी दोन किलोमीटर फिरवून गरम केली, मगच प्लग काढला. थंड बॉक्सचं तेल काढलं तर चुरा तळाशीच बसून राहतो. आईची जुनी परात खाली धरली. काळपट तेल पडलं आणि परात उन्हात तिरकी केल्याबरोबर त्यात सोनेरी झाक दिसली, जळगावच्या सराफाच्या दुकानातली धूळ सांडावी तशी. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तेलात फिरवला. चुंबकाला चिकटलं ते करड्या रंगाचं मऊ पेस्टसारखं, बोटांत चोळलं तर टोचत नव्हतं. सोनेरी चुरा जागचा हलला नाही.

माझा निर्णय इथेच फिरायला लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चुंबकाला चिकटणारी करडी पेस्ट ही वयाची झीज, तीस वर्षांच्या बॉक्समध्ये ती असणारच. टोचणारे कण, खपल्या किंवा दाताचा तुकडा मिळाला असता तर बेअरिंग फुटलंय किंवा गिअरचा दात उडालाय असं धरून मी मेव्हण्याचं ऐकलं असतं. न चिकटणारा सोनेरी चुरा पितळेचा, आणि या बॉक्समध्ये पितळ असतं ते मुख्यतः सिंक्रो रिंगचं, म्हणजे गिअर टाकताना फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांचं. म्हणजे दुखणं रिंगांचं, आणि रिंगा बदलता येतात.

पितळ इतकं का झिजलं, त्याचं उत्तर गोठ्याच्या माळ्यावर सापडलं. आठ वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने मीच गाडीचं तेल बदललं होतं. त्या डब्यात पाव भाग तेल अजून शिल्लक आहे, वर लिहिलंय जीएल-५, ही गिअर तेलाची एक जात. एकच डबा, मागच्या हाउसिंगला (डिफरन्शियलला) तेच आणि गिअरबॉक्सलाही तेच! हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना त्यातली जादा गंधकाची औषधं लागतात. पण तीच औषधं गरम झाल्यावर पितळेला खातात, आणि तेल इतकं निसरडं होतं की सिंक्रो रिंगची पकड सुटते. पितळी रिंगांच्या बॉक्सला जीएल-४ लागतं. दोन्ही डब्यांवर ८०डब्ल्यू-९० हाच घट्टपणाचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि आपण तोच वाचतो. आप्पांनी त्या तेलावर पुढे चार वर्षं माल ओढला. सगळा दोष तेलाचा नाही, गाडीचं वयही आहेच. पण अठरा हजारांचा दुसरा बॉक्स आणून त्यातही मी तोच डबा ओतला असता, हे नक्की.

नाना काही बोलले नाहीत. डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागितला.

पुढचा रविवार, भंगारवाल्याकडे

तरीही तो दुसरा बॉक्स बघून यायचं ठरवलं. न बघता नाकारणं हा नुसता हट्ट झाला असता.

बदलाबदली दिसते तेवढी सरळ नसते. ४०७ वर्षानुवर्षं बनत आली आणि मध्ये मध्ये बदलत गेली. त्यामुळे इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन (लांब खाचा) क्लच प्लेटला बसतात का, शाफ्टचं टोक फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगला बसतं का, बेल हाउसिंगची भोकं, मागचा फ्लॅंज, जॉइंटची (मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची) लांबी, स्पीडोमीटरची केबल, दांडा केबिनच्या भोकातून नेमका वर येतो का, हे सगळं मोजावं लागतं. गिअरचे रेशो वेगळे असले तर मागच्या हाउसिंगशी मेळ बसत नाही, गाडी एकतर ओरडते नाहीतर ओढत नाही. कागदपत्रांची भानगड तेवढी नाही. आरसीवर इंजिन आणि चासीचे नंबर असतात, गिअरबॉक्सचा नसतो.

मी वर्निअर, टॉर्च आणि तोच लोहचुंबक घेऊन गेलो. मापं जुळली. इनपुट शाफ्ट हाताने फिरवला तर मऊ फिरला, वर-खाली हलवला तर प्लेही बेताचा. मन पुन्हा डळमळलं. मग वरचं झाकण काढू देता का, म्हणून विचारलं. दुकानदाराने आधी कुरकुर केली, नंतर स्वतःच पाना दिला.

झाकण उचललं आणि प्रश्न मिटला. दांडा काढून घेतलेल्या भोकातून एक अख्खा पावसाळा आत गेला होता. तेलाच्या पातळीखालचे दात चकचकीत, वरच्या अर्ध्यावर लाल गंज, आणि तेल ताकासारखं फेसाळ पांढरं. पुसल्यावर गंज निघेल, पण त्याने दाताच्या पृष्ठावर जे बारीक खड्डे पाडलेत ते ओरडणार. अठरा हजार देऊन मी आजारी बॉक्सच्या जागी बुडालेला बॉक्स आणला असता.

रिकाम्या हाताने मात्र परतलो नाही. शेजारी एक सुटा इनपुट शाफ्ट पडला होता, दात तुटलेला, तीनशे रुपयांना मिळाला. कशाला ते पुढे येईल.

एक मात्र सांगतो. उघडायचा निर्णय मला परवडला तो गाडी ४०७ आहे म्हणून. १९८६ मध्ये ती आली तेव्हा समोर डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी असे जपानी जोडीचे पैलवान होते. त्यातली पहिली दोन नावं आता रस्त्यावर दिसत नाहीत. ज्याच्या खळ्यात डीसीएम टोयोटा उभी आहे त्याचं गणित वेगळं. त्याला मिळेल तो बॉक्स उचलून ठेवावा लागेल. माझ्या रिंगा जळगावात काउंटरवर मिळाल्या.

पाडव्याच्या सुट्टीचे तीन दिवस

बॉक्स उतरवताना ट्रॉली जॅकवर फळी आणि तिच्यावर अर्धी हवा भरलेली ट्यूब ठेवली, म्हणजे तो अंग चोरत नाही. ही नानांची युक्ती. बाकी उतरवण्यात सांगण्यासारखं काही नाही. घाम आणि शिव्या.

उघडल्यावर मी आधी काउंटर शाफ्ट पाहिला, कारण खरा फैसला तिथे होता. त्यावरच्या गिअरांना खड्डे पडले असते तर एवढा महाग भाग घेण्यापेक्षा दुसरा कोरडा, चांगला बॉक्स शोधणं शहाणपणाचं ठरलं असतं. नख फिरवलं. दात गुळगुळीत, फक्त बेअरिंगच्या रिंगणात खाचा. घरघरीचं मूळ तेच. केसिंगला तडा नाही, बेअरिंगच्या जागा सैल नाहीत. तेव्हाच ठरलं, हाच बांधायचा.

तिसऱ्याची रिंग गिअरच्या कोनावर, म्हणजे निमुळत्या भागावर, दाबून बसवली आणि रिंग व गिअरच्या दातांमधल्या फटीत फीलर गेज घातला. ०.३ मिमीची पट्टी अडकली. नवी रिंग त्याच कोनावर ठेवली तर १.१ मिमी. जुन्या रिंगच्या आतल्या बारीक आट्यांची धार गेलेली, बोट घसरत होतं. ते आटे तेलाचा थर कापतात, तेव्हा कुठे रिंग कोनाला पकडते. आटे गेले की गिअर करकरणारच. आणि करकरत टाकलेल्या गिअरने तिसऱ्याच्या डॉग दातांची, म्हणजे सरकती स्लीव्ह ज्यांत गुंतते त्या बारीक दातांची, टोकं गोल केली होती. दातांच्या मागच्या अंगाचा उलटा उतार, जो स्लीव्हला आत धरून ठेवतो, तो घासून सपाट. म्हणून उतारावर गिअर उडत होता. त्यात भर म्हणून स्लीव्ह सरकवणाऱ्या सिलेक्टर फोर्कचे गाल झिजलेले आणि थ्रस्ट वॉशर पातळ, त्यामुळे गिअर शाफ्टवर पुढे-मागे डुलत होता. म्हणजे तीन लक्षणांपैकी दोन एकाच घरची निघाली, घरघर तेवढी वेगळी.

तिसरा गिअर, हब-स्लीव्ह, फोर्क, सगळ्या रिंगा, सगळी बेअरिंगं, सील, डिटेंटच्या (गिअर जागेवर धरणाऱ्या) स्प्रिंगा हे सगळं नवीन. बेअरिंगं प्रेसवर दाबून घेतली, हातोडा लावू दिला नाही.

आता फजिती. सिलेक्टरचे रॉड ओढताना भोकावर फडकं धरायचं असतं, कारण आतल्या स्प्रिंगवर बसलेली डिटेंटची गोळी बंदुकीसारखी सुटते. हे मला माहीत होतं. दोन रॉडना धरलंही. तिसऱ्याच्या वेळी फोन वाजला आणि गोळी सुटली ती थेट अंगणात, जिथे आईने दादर (रब्बीची ज्वारी) वाळत घातली होती. दोन-अडीच पोती दादर आणि त्यात ज्वारीच्याच दाण्यापेक्षा थोडी मोठी गोळी! भाचा आणि मी चुंबक घेऊन ताडपत्रीवर तासभर सरपटलो. आधी दोन खिळे निघाले, मग नट, मग गोळी. आई म्हणाली, "खिळे निघाले ते बरं झालं. गिरणीवाला बोलला असता."

आखाजीच्या आधी

बसवताना तो तीनशेचा शाफ्ट कामाला आला. क्लच प्लेट बरोबर मध्यावर आली नाही तर बॉक्स शेवटच्या दोन इंचांवर अडून बसतो, आणि लोक बोल्ट आवळून ओढतात. मग प्लेटचा हब वाकतो. सुटा शाफ्ट प्लेटमधून पायलट बेअरिंगपर्यंत घातला, प्रेशर प्लेट आवळली, शाफ्ट काढला. बॉक्स पहिल्याच ढकलीत बसला. पायलट बेअरिंगही बदललं. बॉक्स खाली असताना ते सोडून देणं म्हणजे पुन्हा सगळं उतरवायची तयारी ठेवणं.

हिशोब: सुटे भाग १७,६००, प्रेस आणि लेथ १,२००, तेल आणि नानांना दिलेले वेगळे. सगळं धरून एकूण चोवीस हजारांच्या घरात. मेव्हणा म्हणतो, सहा हजारांनी महाग पडला. बरोबर आहे त्याचं.

काल पालच्या उतारावर गेलो. तिसरा टाकला, पाय काढला, दांड्यावरून हातही काढला. आप्पा शेजारी बसून दांड्याकडे पाहत होते, रस्त्याकडे नाही. दांडा जागचा हलला नाही. खाली पोचल्यावर ते फक्त म्हणाले, "आता भाड्याला लाव." बेताचा बोजवारा.

पाचशे किलोमीटरला तेल काढून परत परातीत बघणार आहे. केसिंगवर भाच्याकडून पिवळ्या रंगात "फक्त जीएल-४" असं लिहून घेतलं, माझ्यासारख्या पुढच्या हौशी माणसासाठी. रिव्हर्स मात्र अजून करकरतो. त्याला सिंक्रो नाही, क्लच दाबून आतली फिरती थांबेपर्यंत वाट बघावी लागते. नानांना विचारलं तर म्हणाले, "त्याले तीन सेकंद दे." देतोय.