तोंडी स्नॅग

जुलैतली रात्रपाळी, मुंबई विमानतळ. पाऊस कोसळत होता. जयपूरहून आलेलं ए-320 बे वर लागलं, प्रवासी उतरले आणि कॅप्टन बॅग उचलता उचलता मला म्हणाले, "माझ्या बाजूचा वायपर जरा बघून घ्या. रेंगाळतोय. लॉगमध्ये नाही टाकलं, उगाच पुढच्याची फ्लाइट अडकायची."

आम्ही लाइन मेंटेनन्सवाले, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधे विमान तपासणारे आणि दुरुस्त करणारे, याला तोंडी स्नॅग म्हणतो: बिघाड सांगायचा, पण विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, म्हणजे टेक लॉगमध्ये, लिहायचा नाही. बाहेरच्यांना वाटतं, काहीतरी बिघडलेलं असताना विमान उडवलं की नियम मोडला. तसं नसतं. प्रत्येक कंपनीकडे डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, मंजूर केलेली एमईएल (मिनिमम इक्विपमेंट लिस्ट) असते. कोणती वस्तू बंद असली तरी, कोणत्या अटींवर आणि किती दिवस उडता येईल, हे त्यात लिहिलेलं असतं. बी कॅटेगरीला 3 दिवस, सीला 10, डीला 120, आणि नोंदीचा दिवस धरायचा नाही. लॉग यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर चालतो, त्यामुळे मुंबईत रात्री दोनला लिहिलेला स्नॅग आदल्या तारखेचा ठरतो आणि मुदतही तेवढी अलीकडे येते. नवी पोरं इथे हमखास गंडतात. पण हे सगळं चक्र फिरायला लागतं ते लॉगमध्ये ओळ पडल्यावर. ओळ नाही तर मुदत नाही, स्विचशेजारी स्टिकर नाही, अट नाही. कागदोपत्री विमान ठणठणीत. एमईएलच्या पळवाटांबद्दल लोक बरंच बोलतात. मला विचाराल तर खरी पळवाट ही न लिहिलेली ओळ आहे.

"सर, लिहा," मी म्हणालो. "लिहिलंत तर मला मोटर मागवता येईल. नाहीतर मी काम कशावर काढू?" ते वैतागले. पण परत सीटवर बसले आणि लिहिलं.

कोरड्या काचेवर वायपर चालवत नाहीत, चरे पडतात. त्या रात्री ती काळजी नव्हती. स्लोवर ठीक चालला. फास्टला टाकला तर थोड्या फेऱ्या झाल्या आणि पातं काचेच्या मध्यावर थबकलं. बंद करून पुन्हा लावला, पुन्हा तेच. सहवैमानिकाच्या बाजूचा मात्र झकास फिरत होता.

कोणतं विमान कधी दुरुस्त करायचं हे ठरवणाऱ्या मेंटेनन्स कंट्रोलचा फोन आलाच. "सी आयटम आहे ना? डिफर कर आणि सोड. अहमदाबाद क्लिअर आहे." वायपर डिफर करता येतो, म्हणजे दुरुस्ती एमईएलच्या मुदतीत पुढे ढकलता येते, पण विमानतळाच्या आसपास पाऊस नसेल तरच. इथे धो धो चालला होता. थोड्या वेळाने पुन्हा फोन: "बाहेर बघ, थांबला." खरंच थांबला होता! पण हवामानाच्या अंदाजात सकाळपर्यंत सरी होत्या, आणि तेच विमान अहमदाबादहून मुंबईला येऊन पुढे कोळिकोडला जाणार होतं. मी म्हटलं, "आत्ता सोडलं तर ते अहमदाबादलाच बसेल. तिथे मोटर आहे का तुमच्याकडे?" पलीकडे शांतता.

कोळिकोडचं नाव ऐकून आमच्या धंद्यातला माणूस जरा सावरून बसतो. 7 ऑगस्ट 2020 ला तिथे पावसात उतरणारं विमान टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरची, धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं, दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले. पाठीमागून येणारा वारा, धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकलेली चाकं, कारणं बरीच होती. पण चौकशी अहवालात कॅप्टनच्या बाजूच्या नीट न चाललेल्या वायपरचाही उल्लेख आहे. मी फोनवर हे काढलं नाही. त्यांनाही ते माहीत होतं.

शेवटी हँगरमध्ये मोठ्या चेकला उभ्या असलेल्या विमानातून मोटर रॉब करायला परवानगी मिळाली. रॉब म्हणजे एकाची काढून दुसऱ्याला लावायची, दोन्हीकडे कागद करून. आमच्या टेक्निशियनने मोटर बसवली. आर्म काचेवर किती जोराने टेकतो ते स्प्रिंग काट्याने मोजलं, एकदा कमी भरलं म्हणून पुन्हा आवळलं. मग दोन्ही स्पीडवर चालवून पाहिला. उजाडता उजाडता विमान गेलं, आणि उशीर इंजिनिअरिंगच्या माथी. त्यावर ड्यूटी मॅनेजरशी झालेला वाद सांगण्यासारखा नाही.

खरा धक्का नंतर बसला. मी झाल्या प्रकाराचा रिपोर्ट टाकला होता, म्हणून क्वालिटीवाले स्टेशनवर आले. त्यांना शिफ्ट ऑफिसच्या कपाटात हँडओव्हरची एक लांब वही मिळाली. पाळी बदलताना पुढच्याला सांगायच्या गोष्टी त्यात लिहायची पद्धत होती: "सीट रिक्लाइन होत नाही, वेळ मिळाला तर", "पॅकचा (एसी यंत्रणेचा) आवाज येतोय म्हणे, लक्ष ठेवा". त्यातच आमच्या या विमानाचा वायपर होता, दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. एकाखाली शेरा, "ब्लेड पुसलं, ओके". टेक लॉगमध्ये त्या तारखांची पानं कोरी. म्हणजे स्नॅग कोणी लपवला नव्हता. सगळ्यांनी प्रामाणिकपणे लिहिला होता, फक्त जिथे लिहिल्यावर घड्याळ सुरू होतं तिथे नाही.

वही क्वालिटीवाल्यांनी नेली. आता हँडओव्हरला छापील फॉर्म आहे आणि त्यात लॉगच्या पानाचा नंबर टाकल्याशिवाय ओळ भरता येत नाही. पावसाळ्यात त्यामुळे जरा जास्त विमानं अडतात, आणि कंट्रोलवाल्यांची त्यावर कुरकुर चालूच असते.