आईच्या हिरड्या आणि चौदा प्रश्न

निपाणीहून आईला घेऊन बेळगावच्या दंत महाविद्यालयात गेले, तेव्हा तिचे खालचे पुढचे दात बोटानं हलत होते. मधुमेह जुना, मशेरी त्याहून जुनी. तपासणीत प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, खुणा असलेली बारीक सळई हिरडीत घालून खोली मोजली. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. आईचे आकडे सहा, सात असे कानावर पडत होते.

मग डॉक्टरबाईंनी ओएचआयपी-१४ नावाची प्रश्नावली घेतली. दातांच्या, हिरड्यांच्या दुखण्यामुळं रोजच्या जगण्यात काय अडतं, ते ती विचारते. प्रश्न १४, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज ५६च्या जितकी जवळ, तितका त्रास जास्त.

"मावशी, खाताना अवघड जातं?"

"कधीच न्हाई."

"जेवण मधेच सोडावं लागतं?"

"कायबी तरास न्हाई बघा."

शून्यामागून शून्य! मला राहवेना. ही बाई भाकरी आमटीत कुस्करून लगदा होईपर्यंत थांबते, ऊस सोलून नातवाला देते आणि स्वतः कांडं तोंडाला लावत नाही. हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा दुखत नाही. सावकाश वाढतो, तसतसं माणूस ताटच बदलत जातं आणि त्रास नाही असं मनापासून सांगतं.

मी हे सांगितलं, पण डॉक्टरांनी माझं उत्तर लिहिलं नाही. मला ते पटलं, उत्तर आईचंच हवं. त्यांनी तेच प्रश्न पुन्हा सावकाश वाचले, "वर्षभराचं आठवून सांगा" म्हणाल्या. आई थांबली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "कडक भाकरी कवा खाल्ली गं मी शेवटची?" त्यानंतरची उत्तरं वेगळी आली.

साखर आटोक्यात आल्यावर हिरड्यांखालची सफाई टप्प्याटप्प्यानं झाली. सूज उतरली तशा दातांमधल्या फटी उघड्या पडल्या, गार पाणी झिणझिणायला लागलं. हे होणार, असं आधीच सांगितलं होतं म्हणून आई घाबरली नाही.

काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं. बऱ्याच ठिकाणची खोली चारवर आली होती, खाण्याच्या प्रश्नांचे गुण उतरले होते. चारचौघांत संकोच वाटतो का, या उत्तराचा आकडा मात्र चढला, कारण फटी हसताना दिसतात. सळईला हे कळलंच नसतं. डॉक्टरांनी त्यावरच बोलणं सुरू केलं, फटींचं काय करता येईल ते समजावलं.

आता दर तीन महिन्यांनी सफाईला बोलावलंय. मशेरी अजून पुरती सुटलेली नाही, त्यावरून आमची रोज सकाळी वादावादी चालू आहे.