माझा अनुभव : दोन मजल्यांचं झोनिंग आणि बायपासचा घोळ

न्यू जर्सीतलं दुमजली घर. बेसमेंटमध्ये एकच फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, तिच्यावर ३ टनाची एसीची कॉइल, आणि थर्मोस्टॅटही एकच, खालच्या हॉलमध्ये. खाली ७४ अंश फॅरनहाइट असताना वरच्या बेडरूममध्ये ८१. म्हणून दोन झोन करून घेतले. कोटेशन, टाउनशिपचं परमिट, डँपर बसवणं, सगळं दोन आठवड्यांत उरकलं. पुढचा अख्खा उन्हाळा मात्र एका चुकीपायी गेला.

झोनिंगमध्ये यंत्र एकच राहतं. वरच्या आणि खालच्या मुख्य डक्टमध्ये मोटरवर चालणारी एकेक झडप बसते, तोच डँपर. दर मजल्याला आपला थर्मोस्टॅट, आणि मध्ये झोन पॅनेल. वरच्या थर्मोस्टॅटने थंडावा मागितला की पॅनेल खालचा डँपर मिटतं आणि एसी सुरू करतं.

अडचण हवेची होते. टनामागे ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) धरले तर ३ टनाला १२०० सीएफएम हवा लागते. आमच्या वरच्या मजल्याच्या डक्ट जेमतेम ६५० च्या. खालचा रस्ता मिटला की सगळी हवा तिथूनच ढकलली जाते, आणि दुप्पट हवेला दाब चौपट लागतो. बेडरूमच्या व्हेंट शिट्टीसारख्या वाजायला लागल्या.

कंत्राटदाराने त्यावर बायपास डक्ट टाकली, म्हणजे जास्तीची थंड हवा खोल्यांत न जाता सरळ रिटर्नमध्ये, म्हणजे यंत्राकडे हवा परत नेणाऱ्या डक्टमध्ये. आवाज थांबला आणि आठवड्याभरात कॉइलवर बर्फ धरला. ‘गॅस कमी आहे’ म्हणून कंत्राटदाराची माणसं एसीचा गॅस (रेफ्रिजरंट) भरून गेली. पुन्हा बर्फ, पुन्हा गॅस. तिसऱ्या खेपेलाही माणूस सिलिंडर घेऊनच दारात. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती असते, आणि ती कोणी शोधली नव्हती. बायपासला हात लावला तर ती घामाने निथळत होती, आणि कॉइलमधून निघणाऱ्या जाड तांब्याच्या नळीवर पांढरा थर. ५५ अंशांची हवा ७५ च्या रिटर्नमध्ये मिसळत होती, कॉइलला गरम हवा मिळतच नव्हती, आणि कॉइलचं तापमान ३२ च्या खाली जात होतं. जादा भरलेला गॅस शेवटी काढावा लागला.

निदान मॅनोमीटरने, म्हणजे डक्टमधला हवेचा दाब मोजणाऱ्या उपकरणाने झालं. एक भोक फिल्टर आणि फर्नेसच्या मध्ये, दुसरं फर्नेस आणि कॉइलच्या मध्ये; दोन्ही आकडे चिन्हं सोडून बेरजेत घ्यायचे. बायपास बंद ठेवून दोन्ही झोन उघडे असताना ०.४८ इंच (हा दाब पाण्याच्या उंचीच्या इंचांत मोजतात), फक्त वरचा चालू असताना ०.९२. फर्नेसच्या पाटीवर कमाल ०.५०. ही मोजणी पहिल्याच दिवशी करून मागा. दहा मिनिटांचं काम आहे.

मग बायपास कायमची बंद केली. वर ६ इंची दोन नव्या डक्ट नेल्या, प्रत्येकी साधारण १०० सीएफएमच्या, आणि पॅसेजमध्ये आणखी एक रिटर्न काढला. बाहेरचं युनिट दोन स्टेजचं, म्हणजे कमी आणि पूर्ण अशा दोन क्षमतांवर चालणारं, होतंच. एकच झोन मागत असेल तर दुसरी स्टेज लागू नये, अशी सेटिंग पॅनेलमध्ये करून घेतली. पहिल्या स्टेजला साधारण ८४० सीएफएम पुरते. आता फक्त वरचा झोन चालू असताना ०.४६ येतं.

पॅनेलच्या डब्यात सप्लायच्या, म्हणजे खोल्यांकडे जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर पाकिटात तसाच पडलेला सापडला. तो कॉइलच्या पुढे लावला असता तर हवा ठरवलेल्या मर्यादेखाली जाताच पॅनेलने कॉम्प्रेसर थांबवला असता. याचा राग अजून गेलेला नाही. हिवाळ्यातही तोच सेन्सर कामाला येतो: एकच लहान झोन चालू असला की फर्नेस तापते आणि हाय लिमिट (जास्त तापल्यावर चालणारा सुरक्षा स्विच) बर्नर बंद पाडतो; सेन्सर असला तर पॅनेल त्याआधीच बर्नर थांबवतं.

तारेबद्दल आधी सांगायला हवं होतं. भिंत उघडलीच आहे तर थर्मोस्टॅटपर्यंत आठ धाग्यांची तार ओढून घ्या. पाचात सी वायर (थर्मोस्टॅटला सतत वीज मिळावी म्हणून लागणारी) बसते, पण दुसऱ्या स्टेजला धागा उरत नाही. पॅनेलला २४ व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर द्या आणि सगळ्या डँपरचे व्हीए (विजेची गरज) मिळून त्याच्या क्षमतेत बसतात का ते बघा. डँपर वीज गेल्यावर स्प्रिंगने उघडणारे घ्या, म्हणजे पॅनेल बिघडलं तरी हवेचा रस्ता खुला राहतो. एक झोन गरम आणि दुसरा थंड एकाच वेळी मिळत नाही. एकाचं झाल्यावर दुसऱ्याची पाळी. एक इंची दाट फिल्टरऐवजी चार इंची बसवला, तर दाब आणखी थोडा उतरतो.