मिस्टर संधूंची दोन मिनिटं

परवा रात्री झोप येईना म्हणून 'धिस इज इंग्लंड' परत लावला. कितव्यांदा ते विचारू नका. शेन मेडोजचा 2006 चा पिक्चर, गोष्ट 1983 च्या उन्हाळ्यातली. शॉन नावाचं बारा वर्षांचं पोरगं, बाप अर्जेंटिनाबरोबरच्या फॉकलंड युद्धात मारला गेलेला, शाळेत त्याच्या बेल-बॉटमवरून सगळे त्याची टर उडवतात आणि घरी येताना एका बोगद्यासारख्या जागेत त्याला स्किनहेड, म्हणजे डोकं भादरलेल्या, जाड बूट घालणाऱ्या पोरांचं टोळकं भेटतं. आपल्याला वाटतं आता हे त्याला धुणार. पण तसं काही होत नाही, त्यांचा म्होरक्या वूडी त्याची विचारपूस करतो, त्याला हसवतो, आणि इथेच पिक्चर आपल्याला खिशात घालतो.

मग येतो तो केस कापायचा सीन. लॉल मशीन घेऊन त्याचं डोकं भादरते, बाकीचे भोवती बसून खिदळतायत, वूडी त्याला बेन शर्मनचा चौकड्यांचा शर्ट देतो, खांद्यावर ब्रेसेस (पँटचे पट्टे), जीन्स खालून दुमडलेली. बूट मात्र आईच्या मागे लागून घ्यायचे असतात. दुकानातली बाई म्हणते या मापात डॉक मार्टिन्स नाहीत, आणि दुसरेच बूट पुढे करून 'हे लंडनहून आलेत' असं काहीतरी पटवते. पोराचं तोंड बघण्यासारखं होतं. नंतर डोकं बघून आईचं टाळकं सटकतं, ती पोराला घेऊन थेट कॅफेत जाते, सगळ्या दांडगट पोरांना उभ्या उभ्या झापते, आणि जाताना वर म्हणते याच्यावर लक्ष ठेवा. मी हा सीन कितीही वेळा बघू शकतो. एकट्या पडलेल्या पोराला कोणीतरी 'ये, बस आमच्यात' म्हणणं म्हणजे काय असतं, ते त्या दहा-पंधरा मिनिटांत जसं दिसतं तसं भाषण देऊन सांगता येणार नाही.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो शर्ट हवा होता. बूटही. रात्री दोन वाजता मी नेटवर त्याच्या किमती बघत बसलो होतो.

आता माझी गोची सांगतो.

सुरुवातीला शॉन कोपऱ्यावरच्या एका दुकानात जातो. दुकानदार मिस्टर संधू. पोरगं फुकटात कॉमिक वाचत उभं राहतं, ते त्याला हाकलतात. दोघांचीही चिडचिड, थोडी कॉमेडी, सीन संपला. पुढे टोळीतला जुना, वयाने मोठा काँबो जेलमधून सुटून येतो, वंशद्वेषाची भाषा बोलायला लागतो, टोळी फुटते, वूडी निघून जातो आणि शॉन काँबोबरोबर राहतो, कारण काँबो त्याच्या मेलेल्या बापाबद्दल बोलतो, ते कुठलं युद्ध, कोणासाठी, कशासाठी. मग एक दिवस हेच पोरगं त्याच दुकानात जाऊन संधूंना शिव्या घालून सिगारेटी मागतं, मागून काँबो सुरा घेऊन येतो, दुकान लुटतात. संधू गप्प. पिक्चर पुढे जातो.

पहिल्या वेळी मीही पुढे गेलो. माझं सगळं लक्ष शॉनकडे, अरे हा कुठे वाहवत चाललाय, याला कोणीतरी आवरा. दुसऱ्यांदा बघताना एकदम ट्यूब पेटली की अरे, या पिक्चरमधे माझ्यासारखा दिसणारा माणूस कोण? शॉन नाही, वूडी नाही. मी तर काउंटरच्या पलीकडचा! आणि मी दीड तास टोळक्यात उभा राहून त्यांच्याच बुटांचं कौतुक करत होतो.

तेव्हापासून एक खोडच लागलीय, या प्रकारातला कुठलाही ब्रिटिश पिक्चर लावला की मी आधी कॅमेरा काउंटरच्या कुठल्या बाजूला आहे ते बघतो.

'मेड इन ब्रिटन' घ्या. अॅलन क्लार्कचा, 1983 मधे आयटीव्हीवर दाखवलेला, टिम रॉथचं पहिलं काम. त्याला हा रोल मिळाला त्याची गोष्ट भन्नाट आहे, सायकल पंक्चर झाली म्हणून पंप मागायला एका थिएटरात शिरला आणि तिथे ऑडिशनचं कळलं. त्याचा ट्रेव्हर म्हणजे कपाळावर स्वस्तिक गोंदलेला सोळा वर्षांचा पोरगा (आपलं देवघरातलं नाही हो, नाझींचं), आणि तो हुशार आहे, हीच भीतीची गोष्ट आहे. एक सीन आहे, सुधारगृहातला साहेब येतो आणि फळ्यावर खडूने त्याचं आयुष्य काढून दाखवतो, शाळा, चोरी, कोर्ट, सुधारगृह, बेकारी, परत चोरी, परत जेल, बाण फिरून तिथेच. साहेब बोलतोय आणि आपण ट्रेव्हरच्या डोळ्यांकडे बघतोय, त्याला सगळं कळतंय. क्लार्क त्याचं बालपण दाखवून आपल्याकडून दया वसूल करत नाही. यासाठी मी त्याला मेडोजपेक्षा दोन मार्क जास्त देतो, भले मेडोजचा पिक्चर मला जास्त आवडत असेल.

पण ट्रेव्हर कोर्टात कशासाठी उभा आहे? मिस्टर शाहनवाज नावाच्या पाकिस्तानी माणसाच्या खिडकीत वीट मारली म्हणून. पुढे तो एरल नावाच्या काळ्या पोराला सोबत घेऊन परत दगड मारायला जातो, दोघं मिळून शिव्या घालतात. म्हणजे ज्याला स्वतःला रोज तेच ऐकावं लागत असणार तो एरलही यात सामील! इतका कडवट विनोद क्लार्कच करू जाणे. शाहनवाज मात्र आपल्यासाठी एक नाव आणि एक खिडकी. काचेच्या आत कोण बसलंय, पोरं झोपलीत का जागी आहेत, तिकडे कॅमेरा जात नाही.

यावर स्किनहेड कल्चरचे चाहते एक ठरलेलं वाक्य टाकतात, की खरे स्किनहेड वंशद्वेषी नव्हतेच, ते नंतर नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षवाल्यांनी बिघडवलं. अर्धं खरंय. 1968-69 ला हा प्रकार सुरू झाला तो मॉड (साठच्या दशकातली नटवी ब्रिटिश पोरं) पोरांच्या दणकट शाखेतून आणि जमैकाहून आलेल्या रूड बॉय, म्हणजे तिथल्या टग्या पोरांच्या स्टाइलमधून. गाणी जमैकन, स्का आणि रेगे, ट्रोजन रेकॉर्ड्स कंपनीची. 1969 मधे डेस्मंड डेकरचं 'इझ्रायलाइट्स' ब्रिटनमधे एक नंबरला गेलं त्यात या टकल्या पोरांचाही वाटा होता. बूट कामगारांचे, ब्रेसेस कामगारांच्या. गोरी आणि जमैकन पोरं एकाच फ्लोअरवर नाचत होती हे अगदी खरं. 'धिस इज इंग्लंड' सुरू होतो तोही टूट्स अँड द मेटल्स या जमैकन बँडच्या गाण्यावर, आणि वूडीच्या टोळीत मिल्की आहे, जमैकन घरातला.

पण त्याच काळात, 1970 च्या आसपास, पूर्व लंडनमधे आशियाई माणसांना रस्त्यात गाठून मारायचा खेळच सुरू होता, 'पाकी-बॅशिंग' म्हणायचे त्याला, आणि त्यात भारतीय कोण, बांगलादेशी कोण हे कोणी विचारत नव्हतं. म्हणजे काळ्या पोरांच्या गाण्यावर नाचायचं आणि बाहेर पडून ब्राउन माणसाला धरायचं, हे एकाच रात्रीत जमत होतं. संगीत शेअर होतं तिथे दोस्ती, आणि जिथे फक्त दुकान किंवा बसमधली सीट शेअर होते तिथे काहीच नाही. 'सुरुवातीला सगळं छान होतं' या गोष्टीत ही माणसं कुठे बसवायची?

मेडोजला हे अजिबात कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. शेवटाकडे काँबो आणि मिल्की गांजा ओढत बसलेत, मिल्की आपल्या घरातलं सांगतोय, एवढे मोठे काका-मामा, एवढं जेवण, आणि काँबोचा चेहरा हळूहळू बदलतो. हेवा! साधा, लहान मुलाचा हेवा. पुढच्या दोन मिनिटांत जे होतं ते मी लिहीत नाही, बघा. काँबो केलेल्या स्टीफन ग्रॅहमचे स्वतःचे आजोबा जमैकन होते हे कळल्यावर तो सीन अजून जड जातो. पण तिथेही भांडण काँबो आणि मिल्कीचं. संधू यात कुठेच नाहीत.

मग काउंटरच्या आतून काढलेला पिक्चर आहे का? आहे ना. 'माय ब्युटिफुल लाँड्रेट', 1985, स्टीफन फ्रिअर्सचा, लिहिला हनीफ कुरेशीने. खरं तर चॅनल फोरच्या टीव्हीसाठी 16 एमएमवर केलेलं काम, एडिंबरा फेस्टिव्हलमधे लोकांना आवडलं म्हणून थिएटरला आलं. दक्षिण लंडनमधला, पाकिस्तानी घरातला ओमर, त्याच्या काकाची एक मोडकी लाँड्री, आणि त्याचा शाळेतला मित्र जॉनी, डॅनियल डे-लुईस, जो मधल्या काळात नॅशनल फ्रंटच्या मोर्च्यात चालून आलाय. ओमरच्या बापाने खिडकीतून त्याला बघितलंय, ज्या पोरावर त्याने जीव लावला होता त्या पोराला. आणि आता ओमर जॉनीला कामावर ठेवतो, त्याच्यावर प्रेमही करतो, आणि एका क्षणी त्याला सरळ ऐकवतो की शाळेत तुम्ही मला लाथा घातल्या, आता तू माझी फरशी पुसतोयस आणि मला हे आवडतंय. काय वाक्य आहे! प्रेम आहे, हिशेबही आहे, दोन्ही एकाच खोलीत.

आणि कुरेशी आपल्या माणसांना संत बनवत नाही. काका नासर (सईद जाफरी, हो, 'चष्मेबद्दूर'मधला उधारीवर सिगारेट देणारा लल्लन मियाँ, तिथेही बिचारा काउंटरच्या मागेच) एका काळ्या कवीला भाड्याच्या खोलीतून बाहेर काढायला जॉनीलाच पाठवतो. जॉनी म्हणतो, पाकिस्तानी माणसाने असलं काम करणं बरं दिसत नाही, तर काका म्हणतो मी धंदेवाईक माणूस आहे, धंदेवाईक पाकिस्तानी नाही. नासरचा साथीदार सलीम तर ड्रग्ज विकतो आणि जॉनीच्या जुन्या दोस्तांना कस्पटासमान लेखतो. म्हणून शेवटी ते लाँड्रीबाहेर सलीमला तुडवतात आणि जॉनी मधे पडतो तेव्हा मला नेमकं कोणाच्या बाजूने व्हायचं ते ठरवता येत नाही, आणि तेच बरं वाटतं. मग काच फुटते. पण यावेळी आपण काचेच्या आत आहोत.

अजून एक पिक्चर कोणीतरी काढावा, मला बघायचाय. 3 जुलै 1981, पश्चिम लंडनमधलं पंजाबी वस्तीचं साउथॉल. हँब्रो टॅव्हर्न नावाच्या पबमधे 'ओय' (स्किनहेडांचं आवडतं पंक संगीत) बँड्सचा कार्यक्रम, पूर्व लंडनहून बसेस भरून स्किनहेड आलेले, येता येता ब्रॉडवेवरच्या दुकानांच्या काचा फुटल्या. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी याच साउथॉलमधे नॅशनल फ्रंटविरोधी निदर्शनात ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला होता. यावेळी तिथली पंजाबी पोरं घरात बसली नाहीत, शेकड्यांनी रस्त्यावर आली, आणि रात्र संपेपर्यंत पब जळून गेला होता. त्यातल्या किती पोरांचे बाप दुकानदार असतील विचार करा, संध्याकाळी शटर ओढून घेणारे, 'जाऊ नकोस बाहेर' म्हणणारे. कॅमेरा तिथे ठेवा ना कोणीतरी, शटरच्या आत, बाप आणि पोराच्या मधे.

परवा पिक्चर संपला, शॉनने तो इंग्लंडचा झेंडा समुद्रात टाकला आणि आपल्याकडे बघितलं. मी थोडं मागे जाऊन दुकानातला सीन परत लावला आणि फक्त संधूंकडे बघितलं, शॉनकडे बघायचंच नाही असं ठरवून. अवघड गेलं. दर वेळी नजर पोराकडेच जात होती.