घर चालेल इतकं

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले.

दुपारी सुपरवायझर पेढे घेऊन आले, कारखान्यातली नोकरी सांभाळून वर्षभर माझ्याकडे म्युच्युअल फंडाचं काम शिकतायत ते. एआरएन आला त्यांचा, म्हणजे फंड विकायचा नोंदणी नंबर. त्यासाठीच्या एनआयएसएमच्या परीक्षेला पासिंग ५० चं, यांना ७८, आणि ते सातपूरला सेकंड शिफ्ट करून रात्री बारानंतर अभ्यास करून, मला खरंच भरून आलं. पेढा हातावर ठेवत म्हणाले, ताई, आज राजीनामा टाकला. मग सहजच विचारलं, पहिल्या वर्षी तुमचं कितपत सुटायचं हो? मी म्हटलं, सुटायचं की, घर चालेल इतकं.

कुठून आलं हे तोंडात. घर ह्यांच्या पगारावर चालत होतं. पहिलं वर्षच नाही, चांगली सहा-सात वर्षं.

मला कुणी शिकवलं होतं? २००६ मध्ये ॲम्फीची, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेची परीक्षा दिली, भिशीतल्या बायकांचे फॉर्म भरले, जरा बसतंय म्हणेपर्यंत २००८ आलं, जानेवारीत २१ हजारावर असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ८ हजाराच्या खाली, ज्या वहिनी चहाला बोलवायच्या त्या भाजी बाजारात बघून न बघितल्यासारखं करायच्या. मग १ ऑगस्ट २००९, एंट्री लोड, म्हणजे पैसे भरतानाच कापलं जाणारं शुल्क, बंद. त्याआधी इक्विटी फंडात लाखाला २,२५० पर्यंत कापले जायचे, आमचं कमिशन त्यातून यायचं. मग नियम आला की गुंतवणूकदाराने सल्ल्याचा चेक वेगळा द्यायचा. मला एकीनेही दिला नाही आणि मागायची माझी हिंमत झाली नाही. गुंतवणूकदाराच्या बाजूने बघितलं तर नियम बरोबरच होता, हे मला तेव्हाही कळत होतं, तरी रात्री रडायचे. ह्यांनी कधी हिशोब विचारला नाही. विचारला असता तर... असो.

तर हे सगळं सांगायचं सोडून मी म्हटलं घर चालेल इतकं.

आणि मीच ती, जिने गेल्या महिन्यात त्यांची नवी कोरी २०० कार्डं रद्द करायला लावली. त्यावर फायनान्शियल ॲडव्हायझर छापलं होतं. म्हटलं, आपण डिस्ट्रिब्युटर, फंड विकणारे, सेबीकडे ॲडव्हायझर म्हणून नोंदणी नाही तर तो शब्द वापरायचा नाही, माणूस विश्वास ठेवतो त्या शब्दावर. कार्डावरचा एक शब्द चालला नाही मला.

त्याहून वाईट म्हणजे, दारात आलेल्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का? त्यांना विचारलाच नाही. वर्षभर समोर बसतायत, हप्ता आहे, मुलगी दहावीला, बायको घरी, सगळं माहीत असून नाही विचारला. का? नाही म्हणाले असते तर मला त्यांना थांब म्हणावं लागलं असतं. आणि मला ते हवे होते. माझ्यामागे हे सगळं कोण बघणार, आमचा तर पुण्याहून हलणार नाही.

मघाशी वहीत मांडून बघितलं. ५० जणांची ५,००० ची एसआयपी मिळाली, जी मिळत नाही पहिल्या दिवसापासून, तरी वर्षाअखेर जमा ३० लाख, ट्रेल, म्हणजे जमा रकमेवर दरवर्षी मिळणारं कमिशन, ०.८ टक्के धरला आणि पैसे महिन्या-महिन्याने येतात हे धरलं तर हातात साधारण १३ हजार. महिन्याला नाही, अख्ख्या वर्षाला. त्यांना महिना ४५ हजार लागतात, म्हणजे पावणेसात कोटींचं काम उभं राहायला हवं. अपफ्रंट, म्हणजे सुरुवातीलाच एकदम मिळणारं कमिशन, तर २०१८ पासून बंदच. आकडा बघून वही मिटली, परत उघडली.

मी जे टिकले ते मेहनतीने टिकले असं मी इतकी वर्षं सांगत आले, नव्या पोरापोरींना पण. मेहनत होतीच. पण पगार होता घरात, म्हणून मेहनतीला वेळ मिळाला. हे लिहिताना वाटलं होतं लाज वाटेल, पण उलट हलकंच वाटतंय. होता पगार. चांगलं झालं होता ते. ह्यांना कधी तसं म्हटलं नाही मी.

दोन महिन्यांची नोटीस आहे त्यांची, अजून गेलेले नाहीत. राजीनामा मागे घेता येतो का विचारा म्हणावं. नाहीच आलं तर केवायसी, नॉमिनी, क्लेमची कामं माझ्याकडे ढिगाने पडलीयेत, त्याचे महिन्याला ठरवून पैसे द्यायचे, शिकाऊ म्हणून फुकट राबवायचं नाही.

पावणेबाराला मेसेज टाकला. "आज विचारलंत त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. घर ह्यांच्या पगारावर चालायचं. उद्या घरखर्चाची वही घेऊन या, आधी तुमचं प्लॅनिंग करू."

शिफ्ट सुटली असणार, लगेच दोन निळ्या टिक आल्या. बराच वेळ काहीच नाही. मग आलं, "ताई, हिला पण घेऊन येऊ का? तिने हेच विचारायला सांगितलं होतं."