ख्रिश्चन देशात गेलीस, आता काय टेन्शन!

"तुझं बरंय बाई, तू ख्रिश्चन देशात चाललीस, तिथे सगळे तुमच्यातलेच" असं इंग्लंडला येण्याआधी किती जणांनी ऐकवलं, आणि मलाही तसंच वाटत होतं. "आडनाव तर मराठी आहे, मग ख्रिश्चन कशा?" याला आयुष्यभर उत्तर देत आलो आपण, म्हटलं त्यातून एकदाची सुटले.

पण 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे 46.2 टक्केच निघाले, पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, आणि 37.2 टक्के म्हणाले आमचा कुठलाच धर्म नाही. श्रद्धेला विरोध सहसा कोणी करत नाही. नादिया एवेडा या एअरलाइनमधल्या बाईंना कामावर छोटासा क्रूस दिसेल असा घालू दिला नव्हता, तर 2013 मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अडचण कायद्याची नाहीच. देवाचा विषय निघाला की समोरचा अवघडतो, आणि तो अवघडला की आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा भस्म बुधवार होता, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाचा पहिला दिवस. सकाळच्या उपासनेला गेले, पाळकबाईंनी मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीचा रविवार) झावळ्या जाळून केलेली राख अंगठ्याने कपाळाला लावली, "तू माती आहेस" म्हणाल्या, आणि तशीच मी ट्रेनमध्ये बसले. खिडकीच्या काचेत तो काळा क्रूस दिसत होता आणि हात सारखा रुमालाकडे जात होता. त्यात त्या दिवशीचं वाचन बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं, उपास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना दाखवायला करू नका. म्हणजे पुसायला वचनाचाच आधार होता! पण मला पक्कं ठाऊक होतं की मी पुसलं असतं ते नम्रतेपोटी नाही, लाजेपोटी. म्हणून नाही पुसलं.

लिफ्टमध्ये एका सहकारी मुलीने हळूच टिश्यू पुढे केला, कपाळाला काहीतरी लागलंय म्हणाली, इतक्या मायेने की मला भरून आलं. मी म्हटलं, राख आहे, चर्चमधून आलेय. ती लालबुंद झाली, आमचा मजला येईपर्यंत सॉरी सॉरी म्हणत राहिली. कोणी टोमणा मारला असता तर परवडलं असतं, त्याची सवय आहे, पण हे सॉरी फार जड गेलं. नंतर मीटिंगमध्ये जो तो माझ्या कपाळाकडे बघायचा आणि पटकन स्क्रीनकडे वळायचा.

रात्री फोनवर आई म्हणाली, अगं पुसायचं ना ऑफिसला जाताना, उगाच कशाला. मी जरा चिडलेच. तिला दोष देत नाही, तिकडे प्रार्थनेला चार माणसं जमली तरी धर्मांतराचा संशय घेतात, ती भीती खरी आहे. पण इथली भीतीही खोटी नाही. येशूच्या शिष्याचं, पेत्राचंच बघा ना, गेथशेमाने बागेत हत्यारबंद लोक येशूला धरायला आले तेव्हा त्याने तलवार उपसली, एकाचा कानच तोडला, आणि त्याच रात्री अंगणात एका दासीने तू पण त्याचा शिष्य ना असं नुसतं विचारलं तर सरळ नाही म्हणाला! आणि आपल्या पंडिता रमाबाई, 1883 मध्ये याच देशात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, घरच्या समाजाचा रोष पत्करला आणि इथल्या सिस्टर लोकांनी सगळं मुकाट मानायला सांगितलं तर त्यांच्याशीही वाद घातला. दोन्हीकडे ताठ मानेने.

कोणी म्हणेल हा देखावा. म्हणू दे. मी कोणाच्या मागे लागत नाही, पण कँटीनमध्ये जेवणाआधी डोळे मिटते, आधी डोकं दुखतंय का विचारायचे, आता थांबतात. काल एकाने विचारलं हे चाळीस दिवस नेमकं काय असतं, आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत आम्ही त्यावरच बोलत बसलो.