होडीतून आलेली तीन माणसं

परवा सुट्टी होती म्हणून व्हर्जिनियात हॅम्प्टनला गेलो, तिथे समुद्राकाठी फोर्ट मन्रो नावाचा किल्ला आहे, दगडी तट, भोवती पाण्याचा खंदक. अमेरिकेचं यादवी युद्ध म्हणजे लिंकनने गुलामांना मुक्त केलं, शाळेत एवढंच शिकलो होतो. इथे येऊन कळलं की सुरुवात त्या गुलामांनीच केली होती.

मे १८६१, युद्धाला जेमतेम महिना झालेला. दक्षिणेतली गुलामगिरीवाली राज्यं देशातून फुटून निघाली होती. तेव्हा उत्तरेकडच्या राज्यांचं म्हणणं एकच, देश फुटू द्यायचा नाही, दक्षिणेतली गुलामगिरी मोडायची भाषाच नव्हती. व्हर्जिनिया फुटून निघालं पण हा किल्ला उत्तरेकडेच राहिला. समोरच्या किनाऱ्यावर दक्षिणेचं सैन्य तोफांसाठी मोर्चे बांधत होतं आणि राबत होते गुलाम. त्यातल्या फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी या तिघांना कळलं की आता आपल्याला नॉर्थ कॅरोलिनात नेणार, म्हणजे घरच्यांपासून कायमचं तोडणार, मग २३ मेच्या रात्री त्यांनी एक होडी काढली आणि वल्हवत थेट किल्ला गाठला.

लगेच मालकातर्फे एक मेजर पांढरं निशाण घेऊन हजर, की पळालेले गुलाम परत करायचा कायदा आहे, द्या आमची माणसं. किल्ल्याचा जनरल बटलर मूळचा वकील, तो म्हणाला तुम्ही आता वेगळा देश म्हणवताय ना, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? आणि शत्रूच्या कामाचा माल युद्धात जप्त होतो, तसे हे जप्त. म्हणजे ठेवून घेतलं तेही माल म्हणूनच, हे वाचून पोटात कालवलं.

पण बातमी पसरली आणि बायकापोरांसकट माणसं येतच राहिली, युद्ध संपेपर्यंत हजारो! लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला १ जानेवारी १८६३ ला, म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ ही माणसं स्वतःच्या पायांनी सुटत होती.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, त्यात मी तरी या तिघांना धरतो.

इकडे आलात तर जवळच हॅम्प्टन युनिव्हर्सिटीत एक जुना ओक आहे तोही बघा. मेरी पीक नावाच्या बाईंनी १८६१ मध्ये या पळून आलेल्यांना त्याच झाडाखाली अक्षरं शिकवली, आणि पुढे तो जाहीरनामाही तिथेच वाचला गेला. झाड अजून हिरवंगार आहे.